शस्त्रक्रियेच्या रुग्णास संगीत व मर्दन यांचे साहाय्य

शस्त्रक्रियेच्या इतिहासात १६ ऑक्टोबर १८४६ हा दिवस सीमारेषेसारखा आहे. त्या दिवशी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन याने एका रुग्णास ईथरची भूल दिली व जॉन कॉलिन्स वॉरेन या शल्यविशारदाने त्याच्या मानेवरील गाठीवर सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया केली. तत्पूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णास चार माणसांनी दाबून धरावयाचे आणि शल्यविशारदाने करता येईल तितकी त्वरा करावयाची, असा प्रकार असे. भुलीच्या औषधांनी हे सर्व पालटले. शस्त्र चालत असतानाची वेदना नाहीशी झाली आणि वेळेचे बंधन सैल झाल्यामुळे पूर्वी अशक्य वाटणाऱ्या शस्त्रक्रियाही करता येऊ लागल्या.

परंतु भुलीचा अंमल असतो तेवढ्याच काळापुरते हे अभय असते. आदल्या रात्रीची भीती, शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी स्ट्रेचरवर पडून काढलेला वेळ, शुद्धीवर आल्यानंतरची टाक्यांची ठसठस, खोकताना किंवा कुशीवर वळताना उठणारी कळ, पुढील तीन-चार रात्रींची तुटक झोप, ही सर्व भुलीच्या कक्षेबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी चिंताशामक व वेदनाशामक औषधे आहेत आणि त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि औषधांनाही मर्यादा आहेत. मॉर्फिनसारखी अफूच्या वर्गातील औषधे वेदना कमी करतात. पण त्यांच्यामागोमाग मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी व श्वसनाची मंदता हे दोष येतात. मात्रा वाढवावी तर दोष वाढतात, कमी करावी तर वेदना उरते. ही उरलेली वेदना व तिच्या जोडीची भीती यांसाठी औषधाखेरीज आणखी काही करता येईल काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत पद्धतशीर प्रयोगांच्या कक्षेत आला आहे. त्या प्रयोगांत संगीत व अंगमर्दन ही दोन साधने प्रमुख आहेत. ती कितपत उपयोगी पडतात, कशामुळे पडतात आणि कोठे पडत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेदनेचे स्वरूप

वेदनेविषयीची रूढ कल्पना अशी की, शरीरास जितकी इजा तितकी वेदना. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने तिला घंटेच्या दोरीची उपमा दिली होती. दोरीचे खालचे टोक ओढले की वर घंटा वाजावी, त्याप्रमाणे त्वचेस इजा झाली की मेंदूत वेदना उमटावी. ही कल्पना सोपी आहे. पण प्रत्यक्ष अनुभवाशी ती जुळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीतील आघाडीवर होता. गंभीर जखमा झालेल्या २१५ सैनिकांना त्याने वेदनेविषयी विचारले. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषधाची गरज वाटत नव्हती. हे निरीक्षण त्याने १९४६ साली प्रसिद्ध केले. पुढे १९५६ साली त्याने या सैनिकांची तुलना नागरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांशी केली. त्या रुग्णांच्या जखमा सैनिकांच्या जखमांहून मोठ्या नव्हत्या. तरीही त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी औषधाची मागणी केली होती. बीचरने याचा अर्थ असा लावला की, सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती, तर नागरिकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया हे अरिष्ट होते. जखमेच्या आकाराइतकाच जखमेचा अर्थ महत्त्वाचा ठरला.

हे कसे घडते याचा शारीरिक उलगडा १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्ताने केला. शरीराकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू एकाच जातीचे नसतात. स्पर्श व दाब यांची वार्ता जाड तंतूंतून अतिशय वेगाने जाते. वेदनेची वार्ता बारीक तंतूंतून, त्यामानाने सावकाश जाते. या दोन्ही वार्ता प्रथम मज्जारज्जूत पोहोचतात. तेथे जणू एक दार आहे. जाड तंतूंकडून स्पर्शाची वार्ता भरपूर येत असली की ते दार काहीसे लोटले जाते व वेदनेची वार्ता पुढे कमी जाते. ठेच लागली असता मनुष्य ती जागा नकळत चोळू लागतो, त्याचे कारण येथे सापडते. शिवाय या दारावर वरून, म्हणजे मेंदूकडूनही, हुकूम येत असतात. भीती व वेदनेकडे लागलेले लक्ष यांनी दार अधिक उघडते. निर्धास्तपणा व दुसरीकडे गुंतलेले लक्ष यांनी ते अधिक मिटते. या सिद्धान्तातील तंतूंच्या जोडणीचे काही तपशील पुढील संशोधनाने बदलले. परंतु मज्जारज्जूत वेदनेच्या वार्तेत फेरफार होतो व मेंदू त्यावर नियंत्रण ठेवतो, हे त्याचे मूळ सूत्र टिकून राहिले आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या सूत्राचे महत्त्व उघड आहे. दाराकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत, एक खालून स्पर्शाचा व दुसरा वरून चित्तवृत्तीचा. मर्दन हे प्रामुख्याने पहिल्या मार्गाने व संगीत हे दुसऱ्या मार्गाने काम करीत असावे, असे मानण्यास जागा आहे.

जुने दाखले

रुग्णाच्या शुश्रूषेत या दोन्ही साधनांना स्थान देण्याची कल्पना अर्वाचीन नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनादी उपचारांपूर्वी कोणती सिद्धता करावी याचे तपशीलवार वर्णन आले आहे. रुग्णगृह कसे असावे, जवळ कोणती भांडी व औषधे असावीत, हे सांगताना परिचारकांचीही यादी दिली आहे. तीत अंग चेपून देणारे संवाहक आहेत, तसेच गायन, वादन, श्लोकपठण व कथाकथन यांत निपुण असलेले सोबतीही आहेत. हा संदर्भ शस्त्रक्रियेचा नाही आणि त्यावरून प्राचीनांस आजचे सर्व ज्ञात होते असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु कष्टदायक उपचार सोसणाऱ्या माणसास औषधाखेरीज स्पर्श व स्वर यांचीही गरज असते, ही जाणीव त्यात निःसंशय आहे.

युरोपात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास शुश्रूषेवर लिहिलेल्या आपल्या सुप्रसिद्ध पुस्तकात आवाजाचा रुग्णावर होणारा परिणाम हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय केला. अनावश्यक गोंगाट त्यांनी निषिद्ध मानलाच. पण संगीतातही त्यांनी भेद केला. मनुष्याचा कंठ, फुंकून वाजविण्याची वाद्ये व अखंड स्वर देणारी तंतुवाद्ये रुग्णास सुखावह ठरतात आणि पियानोसारखे तुटक स्वरांचे वाद्य ठरत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते.

शस्त्रक्रियागृहात यंत्राद्वारे संगीत नेण्याचा एक आरंभीचा लेखी दाखला १९१४ सालचा आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील केन या गावी एव्हन ओनील केन हा शल्यविशारद केवळ शस्त्रक्रियेची जागा बधिर करून शस्त्रक्रिया करण्याचा पुरस्कर्ता होता. अशा शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असतो. हत्यारांचा खणखणाट व डॉक्टरांचे बोलणे त्याच्या कानी पडते. यावर उपाय म्हणून केन शस्त्रक्रियागृहात फोनोग्राफ लावीत असे. रुग्णाचे चित्त भयापासून दूर जाते, असा त्याने आपला अनुभव अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्थानिक बधिरीकरणावर त्याचा विश्वास इतका होता की, १९२१ साली त्याने स्वतःचे आंत्रपुच्छ स्वतःच काढून दाखविले. मात्र केनची साक्ष ही एका उत्साही व्यक्तीची साक्ष होती. संगीत न ऐकविलेल्या रुग्णांशी तुलना करून पाहिल्यावाचून अशा साक्षीस प्रमाणाचे मोल येत नाही.

संगीताविषयीचे प्रमाण

अशी तुलना करण्याची आज मान्य असलेली रीत म्हणजे रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने गटांत वाटणी करणे, एका गटास उपचार देणे व दुसऱ्यास न देणे. या रीतीने संगीतावर झालेले प्रयोग आता पुष्कळ आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेविषयी जोक ब्रॅट व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली २६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत एकूण २,०५१ रुग्ण होते. चिंता मोजण्याची जी प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते, तिच्यात २० ते ८० गुण असतात व अधिक गुण म्हणजे अधिक चिंता. संगीत ऐकलेल्या रुग्णांचे गुण इतरांपेक्षा सरासरीने सुमारे ५.७ इतके कमी आढळले. हा फरक मोठा नव्हे. पण नगण्यही नव्हे.

त्याहून बोलका असा एक प्रयोग स्वीडनमध्ये झाला व २००९ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी चिंता कमी करण्यासाठी मिडॅझोलाम हे औषध सर्रास दिले जाते. या प्रयोगात ३७२ रुग्णांपैकी काहींना हे औषध देण्यात आले व काहींना शांत संगीत ऐकविण्यात आले. औषध घेतलेल्यांचे चिंतेचे गुण ३६ वरून ३४ वर आले, तर संगीत ऐकलेल्यांचे ३४ वरून ३० वर आले. गुंगी आणणाऱ्या औषधापेक्षा संगीत या कामी उणे पडले नाही, उलट काहीसे सरसच ठरले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १५७ रुग्णांवरील प्रयोगातही मज्जातंतू बधिर करण्यापूर्वी संगीत व मिडॅझोलाम यांनी चिंता सारख्याच प्रमाणात कमी झाली. परंतु तेथे एक अडचणही नोंदविली गेली. कानांवर हेडफोन असल्यामुळे डॉक्टर व रुग्ण यांच्या परस्पर बोलण्यात व्यत्यय येत होता.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेविषयीचा सर्वांत विस्तृत आढाव्यांपैकी एक २०१५ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ७३ प्रयोग व सुमारे ७,००० रुग्ण यांचा समावेश होता. संगीताने वेदना कमी झाली, चिंता कमी झाली, वेदनाशामक औषधांची गरज काहीशी घटली व रुग्णांचे समाधान वाढले. संगीत शस्त्रक्रियेपूर्वी ऐकविले, चालू असताना ऐकविले किंवा नंतर ऐकविले, तरी थोड्याफार फरकाने परिणाम दिसला. रुग्णाने स्वतः निवडलेले संगीत व संशोधकांनी निवडलेले संगीत यांतही निर्णायक अंतर आढळले नाही. मात्र रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस संगीताने कमी झाले नाहीत.

या आढाव्यातील एक निष्कर्ष प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. संपूर्ण भुलीखाली असलेल्या, म्हणजे संगीत ऐकल्याचे पुढे स्मरतही नसलेल्या रुग्णांतही काही परिणाम दिसला होता. या मुद्द्यावर २०२० साली प्रसिद्ध झालेला जर्मनीतील पाच रुग्णालयांतील प्रयोग अधिक प्रकाश पाडतो. त्यात ३८५ रुग्णांच्या कानांना भूल दिल्यानंतर हेडफोन लावण्यात आले. निम्म्यांना मंद संगीताच्या पार्श्वभूमीवर धीर देणारे शब्द ऐकविण्यात आले. उरलेल्यांच्या हेडफोनमध्ये काहीच वाजत नव्हते. कोणाच्या कानी काय आहे हे रुग्णास किंवा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांस ठाऊक नव्हते. पुढील चोवीस तासांत अफूच्या वर्गातील औषधाची गरज पहिल्या गटातील १९१ पैकी १२१ जणांना, तर दुसऱ्या गटातील १९४ पैकी १५५ जणांना लागली. येथे शब्द व संगीत एकत्र होते, म्हणून सर्व श्रेय संगीताकडे जात नाही. तरी भुलीखालील मनुष्याचे कान पूर्णपणे बंद झालेले नसतात आणि त्याच्या उशाशी काय बोलले जाते याला महत्त्व आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मर्दनाविषयीचे प्रमाण

‘मर्दन’ या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात दिवाळीतील अभ्यंगस्नान, तालमीतील मालिश किंवा बाळंतिणीचे अंग रगडणे असे जोरकस प्रकार उभे राहतात. शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील प्रयोगांत वापरलेले मर्दन याहून सर्वस्वी भिन्न आहे. जखमेपासून दूर असलेल्या भागावर, म्हणजे पाठ, हात वा पावले यांवर, तळहाताने सावकाश व सौम्य दाबाने फिरविलेला हात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अशा सावकाश स्पर्शाचे महत्त्व मज्जातंतूंच्या अभ्यासाने अलीकडे अधिक स्पष्ट झाले आहे. मनुष्याच्या केसाळ त्वचेत बारीक तंतूंची एक विशेष जात आढळते. ते वेदनेची वार्ता नेत नाहीत. दर सेकंदास सुमारे १ ते १० सेंटिमीटर या गतीने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शास ते सर्वांत अधिक प्रतिसाद देतात. त्याहून जलद किंवा अगदी रेंगाळणाऱ्या स्पर्शास त्यांचा प्रतिसाद कमी असतो. स्वीडनमधील हॉकन ऊलाउसन व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारामुळे त्या रुग्णाचे स्पर्शाचे जाड तंतू निकामी झाले होते. तरीही हळुवार स्पर्शाची अंधुक परंतु सुखद जाणीव त्या व्यक्तीस होत होती. स्पर्शातून मिळणारी माहिती व स्पर्शातून मिळणारा दिलासा यांचे मार्ग काही अंशी वेगळे आहेत, असे यावरून दिसते. माता तान्ह्या मुलास कुरवाळते तेव्हा तिच्या हाताची गती प्रायः याच मर्यादेत असते.

रुग्णालयातील प्रयोगांत अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला प्रयोग सर्वांत काळजीपूर्वक आखलेल्यांपैकी एक म्हणता येईल. अॅन आर्बर व इंडियानापोलिस येथे २००३ ते २००५ या काळात छाती वा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ६०५ रुग्णांची तीन गटांत वाटणी करण्यात आली. पहिल्या गटास नेहमीची शुश्रूषा मिळाली. दुसऱ्या गटातील रुग्णाजवळ मर्दन करणारी प्रशिक्षित व्यक्ती रोज वीस मिनिटे बसे. परंतु मर्दन करीत नसे. तिसऱ्या गटास शस्त्रक्रियेनंतर पाच दिवसांपर्यंत रोज संध्याकाळी वीस मिनिटे पाठीचे मर्दन मिळाले. या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले.

या योजनेतील मधला गट विशेष महत्त्वाचा होय. मर्दनाने बरे वाटले असे रुग्ण म्हणतो, तेव्हा त्यास बरे कशाने वाटले, हातांमुळे की कोणीतरी जवळ बसले होते म्हणून, हा प्रश्न उरतोच. सोबतीचा परिणाम वेगळा मोजल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही. मर्दन मिळालेल्या गटात वेदनेची तीव्रता, तिचा त्रासदायकपणा व चिंता ही मर्दनानंतर लगेच कमी झालेली आढळली. पहिल्या चार दिवसांत त्यांची वेदना इतरांपेक्षा अधिक वेगाने उतरली. म्हणजे स्पर्शाचा स्वतःचा असा भाग त्यात होता. परंतु औषधांचे प्रमाण, रुग्णालयातील मुक्काम, शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव व दीर्घकालीन चिंता यांत तिन्ही गटांत फरक दिसला नाही.

इतरत्रचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. मेलबर्न येथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १५२ रुग्णांवरील प्रयोगात (२०१२) मर्दनाने वेदना, चिंता व स्नायूंचा ताण कमी झाला. याउलट अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक येथे अशाच २५२ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात (२००९) वेदना, मनःस्थिती वा मुक्काम यांवर नेहमीच्या शुश्रूषेहून अधिक असा निर्णायक परिणाम आढळला नाही. शुश्रूषा मुळातच उत्तम असेल तर मर्दनाची भर कमी पडत असावी, हा त्याचा एक संभाव्य अर्थ आहे.

प्रमाणाच्या मर्यादा

या सर्व प्रयोगांत एक अंगभूत अडचण आहे. औषधाची परीक्षा घेताना खऱ्या गोळीसारखीच दिसणारी पोकळ गोळी देता येते. संगीत किंवा स्पर्श यांची अशी पोकळ प्रतिकृती जाग्या माणसास देता येत नाही. आपणास काय मिळत आहे हे रुग्णास कळते, त्यामुळे त्याची अपेक्षाही परिणामात मिसळते. जर्मनीतील प्रयोग भुलीखाली झाल्यामुळे या दोषापासून मुक्त होता आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे. वेदना मोजण्याचे साधनही अखेर रुग्णाचा शब्द हेच असते. तथापि हा दोष मानावयाचा की वस्तुस्थिती, याचा विचार केला पाहिजे. वेदना ही ज्याची त्यालाच कळते. ती मोजण्यासाठी त्याच्या शब्दाहून अधिक विश्वसनीय असे यंत्र उपलब्ध नाही.

दुसरी मर्यादा परिणामाच्या आकाराची. वरील कोणत्याही प्रयोगात संगीताने किंवा मर्दनाने वेदनाशामक औषधाची जागा घेतलेली नाही. २०१५ च्या आढाव्यातील रुग्णांनाही वेदनाशामके मिळतच होती. ही साधने औषधाची सोबत करतात, त्याची उणीव भरून काढीत नाहीत. म्हणून कोणत्याही रुग्णाचे वेदनाशामक ‘संगीत लावले आहे’ या सबबीवर रोखून धरणे हा त्या रुग्णावर अन्याय होईल.

विशिष्ट राग विशिष्ट व्याधी बरी करतो, असे दावेही अधूनमधून ऐकू येतात. वर उल्लेखिलेल्या प्रयोगांवरून त्यांस दुजोरा मिळत नाही. त्यांत पाश्चात्त्य अभिजात संगीतापासून निसर्गातील ध्वनींपर्यंत नाना प्रकार वापरले गेले होते आणि परिणाम कोणा एका प्रकारास बांधलेला आढळला नाही. संथ व समतोल गती, आकस्मिक चढउतारांचा अभाव व ऐकणाऱ्याची आवड एवढेच समान सूत्र त्यांतून हाती लागते.

व्यवहारातील विचार

प्रत्यक्ष उपयोगाच्या दृष्टीने संगीताविषयी काही गोष्टी सांगता येतात. मिनिटास साधारण ६० ते ८० ठोक्यांची लय, म्हणजे स्वस्थ असताना हृदयाची जी गती असते तिच्या आसपासची लय, बहुधा वापरली जाते. आवाज इतका मंद असावा की परिचारिकेची हाक सहज ऐकू यावी. वेळ अर्ध्या तासाच्या आसपास पुरेसा होतो. निवड रुग्णास करू द्यावी. तिने परिणाम फारसा वाढत नसला, तरी रुग्णालयात शिरल्यापासून ज्याच्या हाती दुसरा कोणताच निर्णय उरलेला नसतो, त्यास एवढी मोकळीक देण्यात कोणाचेही नुकसान नाही. एखाद्यास भजन हवे असेल, एखाद्यास सनई, तर एखाद्यास केवळ शांतता हवी असेल. शांततेची मागणीही तितकीच मान्य झाली पाहिजे.

रुग्णाच्या कानी पडणारे संगीत व शस्त्रक्रियागृहात सर्वांसाठी वाजणारे संगीत यांत मात्र भेद केला पाहिजे. ब्रिटनमधील २० शस्त्रक्रियांच्या चित्रमुद्रणांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. संगीत चालू असताना शल्यविशारदास हत्यार मागताना आपले शब्द पुन्हा उच्चारावे लागण्याचे प्रसंग लक्षणीय प्रमाणात वाढलेले त्यात दिसले. जे रुग्णास शांतविते ते उपचार करणाऱ्यांच्या कामात अडथळा आणीत असेल, तर ते केवळ रुग्णाच्याच कानापुरते ठेवणे इष्ट होय.

मर्दनाविषयी अधिक सावधगिरी हवी. शस्त्रक्रियेनंतर हालचाल मंदावल्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. अशी गुठळी मर्दनाने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. पोटरी सुजलेली, दुखरी वा गरम लागत असेल तर तिला हातही लावू नये. जखम व तिच्या लगतचा भाग, सुईची जागा, भाजलेली वा लाल झालेली त्वचा ही वर्ज्य समजावीत. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर दाब देऊ नये. हाताच्या व पावलांच्या सौम्य मर्दनासही डॉक्टरांची अनुमती घ्यावी. आणि ज्या रुग्णास अनोळखी हाताचा स्पर्श नकोसा वाटतो, त्याचा नकार कोणतेही कारण न विचारता स्वीकारावा.

आता खर्चाचा विचार. संगीतास यंत्र लागते व ते आज स्वस्त आहे. एकदा लावून दिले की मनुष्यबळ लागत नाही. मर्दनास मनुष्याचे हात लागतात. तीस खाटांच्या वॉर्डात प्रत्येकास रोज वीस मिनिटे द्यावयाची म्हटली तर दहा तास होतात. संध्याकाळी पाठ चोळून देणे हा पाश्चात्त्य रुग्णालयांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिचारिकेच्या नित्यकर्माचा भाग होता. यंत्रे व नोंदी वाढल्या, परिचारिकेचा वेळ तिकडे गेला आणि हे नित्यकर्म मागे पडले. ते निरुपयोगी ठरले म्हणून सोडले गेले असे नव्हे. महाराष्ट्रातील रुग्णालयांत घरचे एक माणूस रुग्णाजवळ राहण्याची पद्धत आहे. बहुतेक वेळ हे माणूस औषधे आणणे व वाट पाहणे यांतच गुंतलेले असते. वरील निषेध नीट समजावून देऊन त्यास हात व पावले हळुवार चोळण्याची रीत दाखविली, तर परिचारिकेच्या वेळेवर भार न टाकता ही शुश्रूषा घडू शकेल. घरच्या माणसाच्या हातून तोच परिणाम साधतो काय, हे मात्र प्रयोगानेच ठरविले पाहिजे. प्रशिक्षित हातांविषयीचे निष्कर्ष त्यास आपोआप लागू होत नाहीत.

उपसंहार

वरील विवेचनावरून निघणारा निष्कर्ष माफक आहे. संगीताने व मर्दनाने रुग्ण लवकर घरी जातो असे आढळलेले नाही. जे बदलते ते मधल्या दिवसांचे स्वरूप. भीती काही अंशी कमी होते, वेदना काही अंशी उतरते आणि कित्येकांना औषध थोडे कमी लागते. रुग्णालयाच्या हिशेबात मुक्कामाचे दिवस मोजले जातात, म्हणून ज्या उपायाने ते दिवस घटत नाहीत तो निरर्थक ठरविण्याकडे व्यवस्थापनाचा कल होणे स्वाभाविक आहे. परंतु १८४६ साली ईथर देण्यात आले ते रुग्णास लवकर घरी पाठविण्याच्या हेतूने नव्हे. वेदना टाळता येत असेल तर ती टाळली पाहिजे, एवढ्याच कारणासाठी ते दिले गेले. तेच कारण शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीस व नंतरच्या चार दिवसांसही तितकेच लागू आहे.